माझ्या वाट्याला न आलेलं वाक्य

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरी माणसांची रीघ लागली आहे आणि येणारा प्रत्येकजण तुमचं तेच एक वाक्य घेऊन येतो. काल ठाण्याहून एक बँक मॅनेजर आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, चांगला बाप्या माणूस. तुमच्या फोटोसमोर बसला आणि सांगायला लागला, की दहावीत त्याने समीकरण सोडवताना उणे चिन्ह गाळलं होतं, तेव्हा तुम्ही पेनाला टोपण लावलंत, चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढं सांगून तो रडायला लागला. मी पाणी आणून दिलं. शेजारी एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, त्यांनीही डोळे पुसले. म्हणाल्या, सरांनी मला पण म्हटलं होतं, प्रमेयाची सिद्धता पाठ करून लिहिली तेव्हा. मग दोघं एकमेकांकडे बघून हसले. एका गावची माणसं परमुलुखात भेटल्यावर हसतात तसे.

मी रिकामा ग्लास घेऊन आत आले. ओट्याशी उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला. तुमचा आला, त्यांचा आला, आणि पन्नाशीला आलेल्या माझाही आला.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून ही सगळी माणसं उठताना घुटमळतात आणि काहीतरी बोलायचं म्हणून मला विचारतात, "बेबीताई, तुम्हाला तर सर केवढं ओरडले असतील ना?" मी मान हलवते. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांना कळत नाही आणि त्यांना कळून घ्यायचंही नसतं.

तुम्ही कधी कुणावर हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. मानपाडा रोडच्या आपल्या या पहिल्या मजल्यावरच्या घरात बाहेरच्या खोलीत क्लास, आतल्या दोन खोल्यांत संसार, आणि जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. पोरं तुमच्या त्या वाक्याला छडीपेक्षा जास्त घाबरायची. पण ज्याला ते ऐकावं लागायचं तो दुसऱ्या दिवशी जिन्यात जरा छाती काढून बसायचा, हेही मी बघितलंय. कारण तुमचं वाक्य सगळ्यांसाठी नव्हतं. ज्याच्याकडून काही होईल असं तुम्हाला वाटायचं, त्याच्यासाठीच तुम्ही चष्मा काढायचात. बाकीच्यांच्या वहीवर नुसती लाल रेघ. पोरांना गणित कळो न कळो, हे बरोबर कळलेलं होतं.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द काही कमी नाहीत. निराशा आहे, ती डॉक्टरांच्या आणि पुस्तकांच्या कामाची. भ्रमनिरास वर्तमानपत्रात निवडणुकीनंतर होतो. लहान मुलांचा हिरमोड होतो, तो आईला लगेच दिसायचा आणि तिच्या हातचा लाडू खाल्ला की संपायचा. क्लासात मी शिकवते ती पोरं 'पोपट झाला' म्हणतात आणि टाळ्या देतात. पण रोजच्या जगण्यात एका माणसाने दुसऱ्याला मनातून उतरवायचं असतं, तेव्हा आपण यातला एकही शब्द वापरत नाही. तेव्हा आपण तुमचं वाक्य म्हणतो. सासू सुनेला म्हणते, साहेब कारकुनाला म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी पार्किंगवरून म्हणतो. आणि ज्याला म्हणतात त्याला वाईट वाटतं ते याचंच, की आजपर्यंत या माणसाच्या मनात आपल्यासाठी एक बरीशी जागा होती आणि आपल्याला ती आता, ती गेल्यावर समजली.

दादाने हे वाक्य सगळ्यांत जास्त ऐकलं. बारावीला मेडिकलऐवजी कॉम्प्युटर घेतलं तेव्हा ऐकलं. तुम्ही आणलेलं स्थळ बघायला गेला नाही तेव्हा ऐकलं. डोंबिवली सोडून घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा तर तुम्ही वास्तुशांतीच्या जेवणाच्या पंगतीत, हातातला घास खाली ठेवून ते वाक्य बोललात. वहिनी पुरणपोळी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलला नाहीत. मी मधल्या मध्ये निरोप्या. दादा मला विचारायचा, अप्पांचा मूड कसा आहे? तुम्ही मला विचारायचात, त्याच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम सुटला का? दोघांनाही एकमेकांची एवढी काळजी होती, की मध्ये उभ्या असलेल्या माणसाला काही विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

परवा तुमच्या अस्थी विसर्जन करून आलो. दादा खिडकीशी उभा होता. मला म्हणाला, "बेबी, एका परीने तू सुटलीस यार. मी आयुष्यभर ते ऐकत आलेलो. तुला अप्पा कधी एका शब्दाने बोलले नाहीत."

"म्हणजे मी काय नशीबवान?" मी विचारलं.

"मग? लाडकी होतीस तू त्यांची."

सुतकात भांडू नये असं आई म्हणायची. पण खरं सांगू अप्पा, त्या क्षणी मला त्याला खिडकीतून खाली ढकलावंसं वाटलं. पहिलाच मजला आहे, फार लागलं नसतं.

तुम्ही मला काय म्हणायचात ते दादाला आठवत नाही, कारण ते आठवण्यासारखं नव्हतंच. तुम्ही म्हणायचात, 'चालेल.' दहावीचा निकाल लागला. अख्ख्या डोंबिवलीत ज्याच्या क्लाससाठी लोक रांगा लावतात त्याच्या मुलीला गणितात काठावरचे मार्क. दिव्याखाली अंधार म्हणून शेजारपाजारी हसले असतील. मी जिन्यातच रडून घेतलं, डोळे धुतले आणि मार्कशीट घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही काय बोलणार ते मला पाठ होतं. मी तुमच्या पेनाच्या टोपणाकडे बघत होते. तुम्ही मार्कशीट वरपासून खालपर्यंत वाचलीत, चष्मा डोळ्यांवरच ठेवून मला परत दिलीत आणि म्हणालात, "चालेल." मग आत आईला हाक मारलीत, "अगं, बेबी पास झाली, जरा शिरा कर." मी तो शिरा खाल्ला. साजूक तुपातला होता, बेदाणे होते. दादाला नव्वदच्या पुढे मार्क होते तेव्हा घरात शिरा झाला नव्हता, तेव्हा दोन मार्क कुठे गेले याचा शोध चालला होता.

पुढेही तसंच. बी.एस्सी.ला एक वर्ष गेलं, चालेल. एम.एस्सी.ला पुण्याला जायचं ठरत होतं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मी म्हटलं जात नाही. मला वाटलं आता तरी तुम्ही म्हणाल, की तू असं अर्ध्यावर सोडशील असं वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चालेल, इथेच बघ काहीतरी." जमलेलं लग्न मी मोडलं, तेव्हा आईने तीन दिवस अबोला धरला होता. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, "नको तर नको. चालेल." बाहेरच्यांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा बाप आहे. मलाही कधी कधी वाटायचं. त्या मुलाचं पुढे काय झालं ते ऐकल्यावर तर मी मनातल्या मनात तुमचे आभारही मानले होते, ते इथे लिहून ठेवते. पण त्याच दिवशी हेही मनात आलं होतं, की माझ्याऐवजी दादाने साखरपुडा मोडला असता तर तुमचा पेपर हातातून खाली आला असता.

मग तुमचे डोळे अधू व्हायला लागले आणि तुम्ही क्लासच्या दोन बॅच केल्यात. सकाळची वरची, दुपारची खालची. वरची तुमच्याकडे, खालची माझ्याकडे. जूनमध्ये नाक्यावर आपला बॅनर लागायचा, त्यावर वरच्या बॅचचे फोटो. माझ्या पोरांचे फोटो कधी लागले नाहीत, आणि काठावर पास झाल्याचा बॅनर लावतंय कोण? मी दुपारभर घसा फोडायचे. एकेकाला अपूर्णांक शिकवायचे, पावशेर-अर्धाशेर करून शिकवायचे, गृहपाठ नाही केला की घराबाहेर उभं करायचे. तुम्ही आत आडवे पडलेले असायचात आणि ऐकत असायचात.

एकदा संध्याकाळी चहा घेताना तुम्ही म्हणालात, "कशाला एवढं डोकं फोडतेस? त्यांच्याकडून अपेक्षाच ठेवू नकोस, म्हणजे तुला त्रास होणार नाही."

मी म्हटलं, "तुम्ही नाही ठेवत?"

"ज्याच्याकडून होणार त्याच्याकडून ठेवावी. बाकीच्यांना सांभाळून घ्यावं."

"आणि मी कुठल्या बॅचमध्ये आहे अप्पा? माझ्याकडून तुमची काय अपेक्षा आहे?"

तुम्ही खरंच बुचकळ्यात पडलात. असा प्रश्न असू शकतो हेच तुम्हाला सुचलं नव्हतं. बशीतला चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "तुझ्याकडून? काही नाही गं. तू आहेस ना."

यातला कुठला शब्द वाईट आहे? एकही नाही. चैत्र-वैशाखात माठ असतो ना घरात, त्याच्याकडून कोण काय अपेक्षा करतं, तो असतो. मला त्या दिवशी भांडायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तुम्ही रेडिओ लावलात, बातम्या सुरू झाल्या आणि आपलं भांडण तिथेच राहिलं. नंतर कितीतरी वर्षं आपण त्याच दोन खुर्च्यांवर बसून चहा प्यायलो, तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, कारण दुसऱ्यांदा विचारावं आणि दुसऱ्यांदाही तेच उत्तर यावं याची मला भीती वाटायची.

तुमच्याबरोबरच्या चांगल्या आठवणी नाहीत असं नाही. आई कल्याणच्या हॉस्पिटलात होती तेव्हाच्या सकाळी मला हव्याशा वाटतात. ती औषधाने झोपलेली असायची आणि आपण बाहेरच्या बाकावर पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो. आडवे शब्द तुमचे, उभे माझे, अशी वाटणी होती. कोपरापर्यंत तुमचा सदरा माझ्या हाताला लागायचा. तेवढ्या दिवसांत मी तुमच्याशी जेवढं बोलले तेवढं आधी आणि नंतर कधी बोलले नाही. एका सकाळी माझ्या उभ्या रांगेत होतं, 'आशा फोल ठरणे, पाच अक्षरी.' मी विचार करत होते. शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुम्ही पेपर हळूच आपल्याकडे ओढलात, 'अपेक्षाभंग' लिहून टाकलंत आणि पेपर परत माझ्या मांडीवर ठेवलात. वर माझ्या हातावर थोपटलंत. मला आलं असतं अप्पा. फक्त थोडं थांबायला हवं होतं. दादासाठी तुम्ही अर्धा तास थांबला असतात आणि नाही आलं तर चिडला असतात.

आज सकाळी वैशाली आली होती. तुम्हाला आठवणार नाही. मानपाडा गावातली, माझ्या अगदी सुरुवातीच्या बॅचची. त्यांची शेतं होती तिथे आता त्यांच्याच दोन बिल्डिंगी आहेत, आणि ही हळदीच्या कार्यक्रमांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते, पंचवीस बायका हाताखाली आहेत. सुतकाच्या घरात चूल नको म्हणून आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची भाजी घेऊन आली. तुमच्या फोटोला हात जोडले आणि सरळ म्हणाली, "सर आमच्या वाटेला कधी गेलेच नाय. त्यांना आमी दिसतच नव्हतो बहुतेक. तुमी लई ओरडायच्या. माझी तर वही फेकलेली तुमी खिडकीतून."

मला तोंड कुठे लपवावं असं झालं. मी म्हटलं, "अगं, तेव्हा जरा जास्तच..."

"नाय ओ ताई. मी घरी जाऊन आईला बोललेली, मॅडमला वाटतं मी पास होईन."

ती गेल्यावर मी त्या भाकऱ्या तशाच झाकून ठेवल्या. मला भूक नव्हती. वैशालीला जे एका फेकलेल्या वहीत मिळालं ते मला तुमच्याकडून हवं होतं, एवढंच. तुम्ही मला कधी दुखवलं नाहीत हे सगळ्या डोंबिवलीला ठाऊक आहे. मी तुम्हाला कधी दुखवू शकले नाही, हे मात्र फक्त मलाच माहीत आहे. तुमचं मन मोडावं एवढी मोठी मी त्यात कधी नव्हतेच.

शेवटचं तेवढं सांगते आणि थांबते.

तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर आपण सुनीताबाईंना ठेवलं. कल्याणहून यायच्या, दिवसभर तुमचं सगळं करायच्या. तुमची पेजही त्याच करायच्या, मऊ, तुम्हाला हवी तशी. त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला म्हणून पेज मी टाकली. मध्ये दादाचा फोन, घोडबंदरला अडकलोय, संध्याकाळी येतो, डॉक्टरांना काय विचारू, असं बराच वेळ चाललं होतं. बोलता बोलता मी मीठ टाकलं, फोन ठेवल्यावर पुन्हा टाकलं. सुनीताबाई आल्या, त्यांनी हातपाय धुऊन वाटी घेतली आणि तुम्हाला पहिला चमचा भरवला.

तुम्ही तो गिळलात. डोळे मिटलेत. मग तुमचा हात कानाकडे गेला. चष्मा तर नव्हताच डोळ्यांवर, कधीचा कपाटात होता, तरी तुम्ही तो काढल्यासारखं केलंत. मला दारातून दिसत होतं. तुम्ही बसक्या आवाजात, पण नीट शब्द लावून म्हणालात, "सुनीताबाई, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

ही बाई पावसाळ्यानंतर आपल्याकडे आली होती अप्पा. दिवाळीसुद्धा झाली नव्हती. तेवढ्यात तिने ते मिळवलं होतं.

ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "आजोबा, मी नाही केली, ताईंनी केलीये."

तुम्ही मान वळवलीत आणि दाराकडे पाहिलंत. मी तिथेच उभी होते. हातात ओला टॉवेल होता. देवाशपथ सांगते, मी वाट बघत होते. माझे केस पांढरे झालेत, आणि तुम्ही चार दिवसांचे सोबती आहात हे डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी मनात म्हणत होते, बोला अप्पा, आता तरी बोला.

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. म्हणालात, "बेबीने केली होय? मग असू दे." आणि तोंड उघडलंत. सुनीताबाई भरवत गेल्या, तुम्ही खात गेलात. आठवडाभरात प्रथमच तुम्ही वाटी संपवलीत. सुनीताबाईंना केवढा आनंद झाला.

वाटी घासायला टाकायच्या आधी बुडाशी राहिलेली पेज मी बोटाने चाटून बघितली. तोंडात धरवत नव्हती. नळाशी जाऊन मी चूळ भरली, तरी जीभ खारट राहिली.

माझ्यासाठी तुम्ही ती सगळी गिळलीत. लोक याला माया म्हणतील, आणि असेलही. पण अप्पा, तुम्ही ती एकदा थुंकून टाकायला हवी होतीत.